पोचपावती आली म्हणजे कळलं का? : अमेरिकेतल्या कंत्राटदाराच्या नोटिशीचा इतिहास



आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. कंत्राटदार, नोटिसा, रजिस्टर पत्रं, यांच्याशी तुमचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. मी नोकरीभर ज्ञानमीमांसा शिकवली. एखादी गोष्ट 'माहीत असणं' म्हणजे नेमकं काय, हा त्या विषयातला पहिला प्रश्न. त्या प्रश्नाचं एक व्यवहारी उत्तर मला निवृत्तीनंतर एका पोस्टमनच्या हातून मिळालं. तिथूनच सुरुवात करतो.

२०१६ साली आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियात राहायला गेलो होतो. तिनं स्वयंपाकघर वाढवायचं काम काढलं होतं. एका कंत्राटदाराशी लेखी करार झालेला, पैसे हप्त्याहप्त्यानं द्यायचे. एका दुपारी मी घरात एकटाच होतो. पोस्टमन आला, त्यानं सही मागितली, मी केली. पाकिटाला एक हिरवं कार्ड चिकटवलेलं होतं, ते त्यानं काढून घेतलं आणि तो गेला. आत पत्र होतं एका लाकडाच्या वखारीचं. त्या वखारीचं नावसुद्धा घरात कुणी ऐकलेलं नव्हतं. मजकुराचा अर्थ असा : तुमच्या घराच्या कामाला आम्ही माल पुरवतो आहोत. आमचे पैसे थकले, तर तुमच्या घरावर आमचा हक्क लागू शकतो. आणि पुढचं वाक्य असं, की तुम्ही कंत्राटदाराला सगळे पैसे चुकते केले असले तरीही लागू शकतो.

माझे हातपाय गार पडले. परक्या देशात, लेकीच्या दारात उभं राहून मी कशावर सही करून बसलो?

संध्याकाळी मुलगी आली. तिच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं तिला फोनवर समजावलं, की ही धमकी नाही, इथली रीत आहे. ती निश्चिंत झाली. मी मात्र नाही झालो. ज्याला मी ओळखत नाही, ज्याच्याशी माझा करार नाही, त्याचा माझ्या घरावर हक्क कसा? आणि तो हक्क एका पत्रावर, एका सहीवर का अवलंबून असावा? हे दोन प्रश्न घेऊन मी पुढचे कित्येक महिने वाचत राहिलो.

पहिला प्रश्न आधी घेऊ. या हक्काला इंग्रजीत 'लीन' म्हणतात. बँकेत ठेवीवर 'लीन मार्क केलंय' हे आपण ऐकलेलं असतं. मराठीतला 'लीन' म्हणजे नम्र, त्याचा इथे काही संबंध नाही, हे लीन चांगलंच ताठ असतं. कायद्याच्या मराठीत त्याला धारणाधिकार म्हणतात. कल्पना साधी आहे. शिंप्याकडे कापड दिलं, त्यानं कोट शिवला, तर शिलाई मिळेपर्यंत तो कोट अडवून ठेवू शकतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १७० मध्ये हेच सांगितलंय, आणि उदाहरण दिलंय ते पैलू पाडायला हिरा घेतलेल्या एका जवाहिऱ्याचं. पण गवंडी काय अडवणार? त्यानं रचलेली वीट भिंतीत गेली की ती जमिनीची झाली, आणि जमीन दुसऱ्याची. सुताराला बसवलेला दरवाजा काखेत मारून घरी नेता येत नाही. म्हणजे ज्याचे श्रम घरात कायमचे मुरतात, त्याच्याच हातात वसुलीचं साधन उरत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यानं वस्तू घडवणाऱ्या कारागिराला संरक्षण दिलं. घर बांधणाऱ्याला दिलं नाही.

इतरत्र मात्र हा विचार जुना आहे. रोममध्ये मार्कस ऑरेलियस सम्राट असताना, म्हणजे इसवी सन १६१ ते १८० या काळात, सिनेटनं एक ठराव केला होता. पडलेली इमारत पुन्हा उभारायला ज्यानं पैसे दिले, त्याला त्या इमारतीवरच तारण-हक्क मिळेल, असा. पॅपिनियन या विधिज्ञानं त्याची नोंद केली आणि ती पुढे जस्टिनियनच्या संहितेत आली. मार्कस ऑरेलियस म्हणजे आपण वर्गात शिकवतो तोच स्टोइक तत्त्वज्ञ. मला उगीचच बरं वाटलं. फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेनंही वास्तुविशारद, कंत्राटदार, गवंडी यांना असा अग्रहक्क दिला.

आता अमेरिका. साल १७९१. नव्या देशाची नवी राजधानी बांधायची होती. नकाशा होता, जमीन होती, पैसा मात्र तुटपुंजा, आणि बांधणारे यायला कचरत होते. सरकार नवं, गाव नाही, ज्यांनी भूखंड घेतले ते पैसे देतील की नाही याची खात्री नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात थॉमस जेफर्सन आणि जेम्स मॅडिसन जॉर्जटाउनला जाऊन राजधानीच्या तीन आयुक्तांना भेटले. शहराला वॉशिंग्टन हे नाव त्याच सुमारास ठरलं. बांधणाऱ्यांना कायद्यानं हमी द्यावी, हा विचार त्याच वेळी पुढे आला, आणि १९ डिसेंबर १७९१ ला मेरिलँडच्या विधिमंडळानं तसा कायदा केला, कारण ती जमीन तेव्हा मेरिलँडच्या कायद्याखाली होती. करार लेखी करा, सरकारी कचेरीत नोंदवा, तुमची बाकी त्या घरावर आणि जमिनीवर चढेल. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसंच समजा. १८०३ मध्ये पेनसिल्वेनियानं असा कायदा केला, आणि एकोणिसाव्या शतकात तो राज्याराज्यांतून पसरला. कॅलिफोर्नियानं तर १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क लिहून टाकला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण १७९१ चा बांधणारा आणि मालक एकमेकांना ओळखत होते, दोघांच्या सह्या एकाच कागदावर होत्या. पुढे कामाची साखळी लांबत गेली. मालकाचा करार मुख्य कंत्राटदाराशी, त्याचा पोटकंत्राटदारांशी, त्यांचा वखारवाल्याशी, लोखंडवाल्याशी. राज्यांनी या सगळ्यांना हक्क दिला, कारण घाम आणि माल त्यांचाच असतो. मग पेच पडला. मालकानं मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले आणि तो ते गिळून बसला, तर?

याची दोन उत्तरं निघाली, आणि अमेरिकेतले वकील आजही त्यांना दोन राज्यांच्या नावांनी ओळखतात. न्यूयॉर्क पद्धत म्हणते, की मालकानं मुख्य कंत्राटदाराला जेवढं देणं बाकी ठेवलंय, तेवढ्यापुरताच इतरांचा हक्क. म्हणजे नुकसान कारागिराचं. पेनसिल्वेनिया पद्धत म्हणते, की कारागिराचा हक्क थेट घरावर आहे, मालकानं आधी कुणाला काय दिलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. म्हणजे मालकावर एकाच कामाचे दोनदा पैसे देण्याची वेळ. दोघंही निर्दोष, आणि दोघांपैकी एक बुडणार. असं असताना न्याय कसा करायचा?

मित्रहो, नोटीस जन्माला आली ती या पेचातून. जिथे कारागिराचा हक्क थेट आहे तिथे कायदा त्याला सांगू लागला : तुला हक्क हवा ना, मग तू अस्तित्वात आहेस हे मालकाला वेळेवर कळव. त्याला आधी कळलं तर तो हप्ता देताना जपून देईल. कॅलिफोर्नियात आज नियम असा आहे, की पोटकंत्राटदारानं किंवा पुरवठादारानं काम सुरू केल्यापासून वीस दिवसांत मालकाला प्राथमिक नोटीस द्यावी. उशीर झाला तर नोटिशीआधीच्या वीस दिवसांपर्यंतचंच काम धरलं जातं, त्याआधीचं गेलं. रोजंदारीच्या मजुराला या नोटिशीतून सूट आहे. फ्लोरिडात हीच मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे. आमच्या दारात आलेलं पत्र ते हेच.

आता दुसरा प्रश्न. कळवायचं म्हणजे काय करायचं?

१७९१ चं उत्तर होतं, कचेरीत नोंदवा. नोंद झाली म्हणजे जगाला कळलं, असं कायदा मानतो. आपल्याकडेही नोंदणीकृत दस्ताबद्दल तसंच मानतात. पण स्वयंपाकघराचं काम चालू असताना रोज सकाळी उठून नोंदणी कचेरीत कोण जातं? दुसरं उत्तर, माणूस पाठवून हातात कागद द्या. खर्चिक, आणि मालक दार उघडेलच असं नाही. तिसरं उत्तर टपालाचं.

टपालाचा स्वतःचा इतिहास इथे येऊन मिळतो. अमेरिकेच्या टपाल खात्यानं १ जुलै १८५५ ला रजिस्टर पत्राची सोय सुरू केली, ती मुख्यतः पैसे आणि मौल्यवान कागद पाठवण्यासाठी. पत्र ज्या ज्या हातातून जाई तिथे तिथे नोंद. पण नोटिशीच्या कागदाला बाजारात काय किंमत? चोर तो चोरणार नाही. किंमत आहे ती पुराव्याला. शंभर वर्षांनी खात्यानं हा फरक ओळखला आणि ६ जून १९५५ ला 'सर्टिफाइड मेल' सुरू केलं. पत्र साध्या टपालासारखं जातं, पण त्याला क्रमांक असतो, पाठवल्याची पावती मिळते, पोचल्यावर सही घेतली जाते. जास्त पैसे भरले की सहीचं हिरवं कार्ड पाठवणाऱ्याकडे परत येतं. म्हणजे आपली पोचपावती. माझी सही त्या दिवशी जिथे गेली, ती जागा ही.

पण नीट पाहा, हे कार्ड काय सिद्ध करतं? कुणीतरी पाकीट घेतलं, एवढंच. उघडलं का? वाचलं का? कळलं का? यातलं काहीही नाही. माझंच बघा. सही केली तेव्हा मला तर तो कशाचा कागद आहे हेच माहीत नव्हतं. आणि घर मुलीचं.

कायद्याला हे ठाऊक नाही असं समजू नका. १८८४ मध्ये रोझेन्थाल विरुद्ध वॉकर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की बरोबर पत्ता घालून टपालात टाकलेलं पत्र पोचलं असं गृहीत धरावं. गृहीत, सिद्ध नव्हे. उलट पुरावा आला तर ते मोडतं. आपल्या १८९७ च्या सर्वसाधारण वाक्यखंड अधिनियमाचं कलम २७ ही त्याच वळणाचं आहे. बरोबर पत्ता, पुरेसं टपालमूल्य, रजिस्टर पोस्ट, एवढं झालं की पोचलं असं धरायचं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आलं तरी आपली न्यायालयं बजावणी झाली असं साधारणपणे मानतात. म्हणून आपल्याकडचे वकील रजिस्टर एडीचा एवढा आग्रह धरत आले. १ सप्टेंबर २०२५ पासून भारतीय टपाल खात्यानं रजिस्टर पत्र स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. पुराव्याची गरज मात्र तशीच आहे.

कॅलिफोर्नियाचा कायदा तर एक पाऊल पुढे जातो. तिथे ही प्राथमिक नोटीस पत्र टपालात पडलं की दिली गेली. पुरावा म्हणून काय चालतं? नोटीस देणाऱ्याचं प्रतिज्ञापूर्वक निवेदन, आणि त्यासोबत रजिस्टर किंवा सर्टिफाइड टपालाचे पैसे भरल्याचा कागद, किंवा पोचपावती, किंवा पत्र कुठवर गेलं याची टपालाची नोंद. पत्र पोचलंच नाही, तर परत आलेलं पाकीटसुद्धा. पुढे पैसे खरंच थकले, तर घरावरचा हक्क नोंदणी कचेरीत नोंदवावा लागतो. काम पूर्ण झाल्यापासून नव्वद दिवसांत, आणि मालकानं काम संपल्याची सूचना नोंदवली असेल तर पोटकंत्राटदाराला तीसच दिवस. नोंदवल्यापासून नव्वद दिवसांत दावा लावला नाही तर हक्क संपला. २०११ पासून आणखी एक अट आली. नोंदवलेल्या हक्काची प्रत मालकाला टपालानं पाठवायची आणि पाठवल्याचं निवेदन जोडायचं. ते नसेल तर हक्क बजावताच येत नाही. त्याआधी घरावर बोजा चढल्याचं मालकाला घर विकायला काढल्यावर कळे, असंही घडत असे.

म्हणजे कायद्यानं शोधलेलं उत्तर असं : दुसऱ्याच्या मनात ज्ञान उत्पन्न झालं की नाही हे तपासायचंच नाही. ते कुणालाच तपासता येत नाही. त्याऐवजी हे तपासायचं, की जे केल्यानं साधारणपणे माणसाला कळतं ते तू केलंस का, आणि दाखवू शकतोस का? 'त्याला कळलं' याऐवजी 'मी कळवलं'. माझ्यासारख्या ज्ञानमीमांसेवाल्याला ही पळवाट वाटली होती. आता वाटते ती समजूतदार तडजोड. नाहीतर प्रत्येक मालक 'मला कळलंच नाही' म्हणून सुटला असता.

पण तडजोडीलाही सीमा असते. ती २००६ च्या एका निकालात दिसते, जोन्स विरुद्ध फ्लॉवर्स. खटला कंत्राटदाराचा नाही, घरपट्टीचा आहे, पण प्रश्न तोच. आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचा एक गृहस्थ. तीस वर्षं घराचं कर्ज फेडलं, तोवर घरपट्टी कर्ज देणारी कंपनी भरत होती. कर्ज फिटल्यावर घरपट्टी थकली. तो त्या घरात राहत नव्हता. राज्यानं सर्टिफाइड पत्र पाठवलं, सही करायला कुणी नव्हतं, पत्र परत आलं. पुढे वर्तमानपत्रात सूचना, आणखी एक पत्र, तेही परत. घर विकलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की हे पुरेसं नव्हतं. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी दाखला दिला तो असा : अधिकाऱ्यानं पत्रांचा गठ्ठा पोस्टमनच्या हाती दिला आणि डोळ्यांदेखत तो गठ्ठा गटारात पडला, तर अधिकारी 'मी पाठवलं' म्हणून खांदे उडवील का? परत आलेलं पाकीट पाठवणाऱ्याला काहीतरी सांगत असतं. आणि साधं पत्र तर कुणीही नसताना पेटीत पडून राहिलं असतं. सहीच्या अटीमुळेच हे पत्र परत गेलं. साधं पत्र टाका, दारावर चिठ्ठी लावा, एवढं तर करता आलं असतं.

मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. तिथे घर हिरावणारं सरकार होतं, म्हणून मापदंड कडक. एका साध्या सुतारावर तेवढा भार टाकता येणार नाही, हेही खरं. पण त्यातून एक गोष्ट निघते. पोचपावती हा पाठवणाऱ्याच्या बचावाचा कागद आहे, आणि पाकीट परत आलं की त्याच कागदातून त्याला स्वतःला काहीतरी कळतं. त्या कळण्याची जबाबदारी कुणाची?

शेवटी मुलीच्या घराकडे येतो. त्या पत्रानंतर ती सावध झाली. दर हप्त्याच्या वेळी कंत्राटदाराकडून वखारवाल्याची हक्क सोडल्याची लेखी चिठ्ठी मागू लागली. कॅलिफोर्नियात तिचे नमुने कायद्यानंच ठरवून दिले आहेत. एका हप्त्याला कंत्राटदार टाळाटाळ करू लागला, तेव्हा तिनं त्याच्या आणि वखारीच्या अशा दोघांच्या नावे एकच चेक काढला. वखारीचे पैसे पोचले. ज्या वखारीचं तोंड आम्ही कधी पाहिलं नाही, तिचा हक्क एका हिरव्या कार्डानं राखला.

आणि मग, काम संपून दोन महिने होत आले असताना, फरशी बसवणारा कारागीर दारात आला. परवाना असलेला, पण एकटाच काम करणारा. आमच्या घरात तो नऊ दिवस गुडघ्यांवर बसून काम करत होता. आमच्या हिच्या हातचे पोहे त्यानं खाल्ले होते. त्याला एक पैसाही मिळाला नव्हता. त्यानं नोटीस पाठवली होती का? नाही. ती पाठवायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याच्याकडे पत्रं लिहायला कारकून नव्हता. वीस दिवसांची मुदत कधीच उलटली होती. कंत्राटदारावर तो दावा लावू शकत होता. घरावर त्याचा काहीही हक्क उरला नव्हता.

मी त्या रात्री झोपलो नाही. वखारवाल्याबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं, पण कायद्याच्या लेखी आम्हाला कळलं होतं. या माणसाबद्दल आम्हाला सगळं माहीत होतं, कुठल्या गुडघ्याला त्रास आहे तेसुद्धा, आणि कायद्याच्या लेखी आम्हाला काहीच कळलेलं नव्हतं.

सुदैवानं शेवटचा अर्धा हप्ता अजून मुलीच्या हातात होता. तिनं कंत्राटदाराला सांगितलं, याची चिठ्ठी आण, मग बघू. तो चरफडत आला, पुन्हा दोघांच्या नावे चेक निघाला. हातात पैसे होते म्हणून हे जमलं. पैसे देऊन झाले असते तर तिनं काय केलं असतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. आणि माझ्या घरी हे घडलं असतं तर मी काय केलं असतं, हे स्वतःला विचारायचं मीही टाळतोच आहे.

तुमच्यापैकी ज्यांची मुलं तिकडे घरं बांधतात, त्यांना एवढंच सांगतो. असं पत्र आलं तर घाबरू नका, फेकूही नका. त्यावर एका कामगाराचं किंवा दुकानदाराचं नाव असतं, ते वाचा. आणि घरात काम करणाऱ्याला चहा देताना एकदा विचारा, "तुम्ही नोटीस पाठवलीत का?" तो विचारात पडेल, पण त्याचं भलं होईल.

इथे थांबतो. आता प्रश्न विचारा.